मारहाण चौघांनी मिळून केली, मग शिक्षा सारखी का नाही?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून त्यातले काही तपशील गाळून त्याचा सारांश देत आहे. 2021 साली त्यांचा धाकटा भाऊ रात्रपाळी संपवून घरी येत असताना चौघांनी त्याला रस्त्यात अडवले. आधी शिवीगाळ झाली, मग लाथाबुक्क्या. एकाने मागून त्याचे दोन्ही हात धरले. दुसऱ्याने मोटारसायकलला बांधलेला लोखंडी पाइप सोडवून आणला आणि दोन घाव घातले. पहिल्याने गळपट्टीचे हाड मोडले, दुसऱ्याने उजव्या मनगटाच्या वरची दोन्ही हाडे. भाऊ लेथ मशीनवर काम करत असे. हातात पट्टी बसवून दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी शर्टाचे वरचे बटण आजही आईच लावते. खुनाचा प्रयत्न सिद्ध झाला नाही असे सत्र न्यायालयाने ठरवले. पाइप मारणाऱ्याला पाच वर्षे सक्तमजुरी, लाथाबुक्क्यांनी आणि दांडक्याने मारणाऱ्या दोघांना तीन तीन वर्षे, आणि हात धरणाऱ्या चौथ्याला, जो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, साध्या दुखापतीसाठी दोषी धरून चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडण्यात आले. तीन वर्षांची शिक्षा झालेले दोघेही त्याच संध्याकाळी जामिनावर घरी आले. दंडाच्या रकमेतून भावाला तीस हजार रुपये द्यावेत असा आदेश झाला. आता चौथ्याच्या काकांनी नातेवाइकांकरवी निरोप पाठवला आहे की एक लाख घ्या आणि पुढे जाऊ नका. भगिनी विचारतात: "हात धरले नसते तर माझा भाऊ पळून गेला असता. मग हात धरणारा कमी दोषी कसा? चौघांना सारखी शिक्षा व्हावी म्हणून मी अपील करू शकते का?"

ताई,

तुमच्या पत्रातले हात धरण्याबद्दलचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा त्यातच आहे, आणि माझ्या मते तुमच्या संतापापेक्षा तुमचा तो युक्तिवाद अधिक भक्कम आहे. परंतु "चौघांना सारखी शिक्षा" ही तुमची मागणी मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधते. त्या आधी सोडवून घेतल्या, तर पुढे काय करता येईल आणि काय नाही हे तुम्हाला अधिक स्पष्ट दिसेल.

पहिली गोष्ट दोषाची. अनेकांनी मिळून गुन्हा केला असेल, तर प्रत्येक घाव नेमका कोणाचा हे सिद्ध करण्याची सक्ती कायदा सरकार पक्षावर करत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम 34 नुसार, सर्वांच्या सामाईक इराद्याला धरून कृत्य झाले असेल तर प्रत्येक जण त्या कृत्यासाठी, जणू ते त्याने एकट्याने केले आहे असे समजून, जबाबदार ठरतो. हा नियम किती लांबवर पोहोचतो याचे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. 1923 साली कलकत्त्यातल्या एका पोस्ट ऑफिसात दरोड्याच्या वेळी पोस्टमास्तरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पकडलेल्या आरोपीचा बचाव असा होता की आपण बाहेर अंगणात उभे होतो, गोळी आपण झाडली नाही. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तो बचाव मानला नाही, कारण एकत्र ठरवून केलेल्या कामात बाहेर उभे राहणे हासुद्धा त्या कामाचाच भाग असतो. "मी फक्त उभा होतो" किंवा "मी फक्त धरले होते" हे आपोआप सुटकेचे कारण होत नाही, हे तेव्हापासून आपल्याकडच्या न्यायालयांनी सातत्याने सांगितले आहे.

पण याच नियमाला एक मर्यादा आहे, आणि तुमच्या भावाच्या खटल्यात चौथा आरोपी त्या मर्यादेच्या आधाराने वेगळा काढला गेला आहे. तत्कालीन हैदराबाद राज्यातून आलेल्या एका खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येकाच्या मनात एकसारखा हेतू असणे वेगळे आणि सर्वांचा मिळून एक हेतू असणे वेगळे. दुसऱ्यासाठी आधी मनांचा मेळ झालेला असावा लागतो, मग तो जागच्या जागी, क्षणभर आधी झालेला का असेना. त्याच संहितेचे कलम 38 असेही मान्य करते की एकाच कृत्यात सामील असलेली माणसे वेगवेगळ्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरू शकतात. चौघेही मारायला आले होते, हे तुमच्या न्यायालयाने मानलेले दिसते. पण पाइप मध्येच आला. तो आल्यानंतर जे घडले त्यात चौथ्याचा इरादा सामील होता की नव्हता, हा प्रश्न होता. आणि पाइप दिसताच त्याने हात सोडले, असे न्यायालयाने धरले. म्हणून पाइप मारणाऱ्यावर कलम 326, म्हणजे घातक शस्त्राने जबर दुखापत, उरलेल्या दोघांवर तेच कलम 34 सह, आणि चौथ्यावर फक्त कलम 323, म्हणजे साधी दुखापत, लागले.

म्हणजे चौथ्याला "सोडले" ते शिक्षा ठरवताना दयाबुद्धीने नव्हे. दोष ठरवतानाच तो खालच्या पायरीवर उतरला होता. या फरकावर तुमचे पुढचे पाऊल अवलंबून आहे, म्हणून मी त्यावर इतका वेळ घालवत आहे. कलम 326 ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते त्याला 1958 च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याचे कलम 4 लावून बाँडवर सोडता येत नाही. चौथा कलम 326 खाली दोषी ठरला असता तर आज बाँडचा प्रश्नच उद्भवला नसता. कलम 323 ला मात्र जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आहे, आणि पूर्वीचा गुन्हा नसलेल्या तरुणाला त्यासाठी बाँडवर सोडणे हे न्यायालयांत नेहमी घडते.

दुसरी गोष्ट शिक्षेची. एकदा दोष ठरला की न्यायालयाला प्रत्येक आरोपीचे शिक्षेबाबत स्वतंत्रपणे ऐकून घ्यावे लागते. 1980 साली, मृत्युदंडाच्या संदर्भात का होईना, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षा ठरवताना गुन्ह्याइतकेच गुन्हेगारालाही पाहायला हवे, आणि तो विचार पुढे सर्वच शिक्षांना लागू झाला. शस्त्र कोणी आणले, कोणाचा घाव शरीराच्या कोणत्या भागावर पडला, कोणी पुढाकार घेतला, कोण मागे ओढला गेला, आधीचे गुन्हे आहेत का, वय काय, खटला किती वर्षे चालला, जखमी माणसाचे कायमचे किती नुकसान झाले, हे सगळे त्यात येते. एकाच वाहनातून आलेल्या, एकाच कलमाखाली दोषी ठरलेल्या दोघांना वेगळी शिक्षा होणे यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा भूमिका सारखी असूनही कारण न देता शिक्षा वेगळी होते, किंवा भूमिका वेगळी असूनही सर्वांना एकाच मापाने मोजले जाते. तुमच्या खटल्यात दोन आणि तीन क्रमांकाच्या आरोपींना सारखी शिक्षा झाली आहे. ती त्यांच्या सारख्याच भूमिकेमुळे की केवळ सोयीसाठी, हे निकालपत्रातच पाहावे लागेल.

इथे मला एक खंत मोकळेपणाने सांगायची आहे. आपल्याकडे शिक्षा ठरवण्यासाठी बांधीव मार्गदर्शक तत्त्वे नाहीत. इंग्लंडमध्ये 2010 पासून एक वैधानिक परिषद अशी तत्त्वे घालून देते, आणि मारहाणीच्या गुन्ह्यांत "टोळक्यात पुढाकाराची भूमिका" हा दोष वाढवणारा घटक म्हणून तिथे नोंदलेला आहे. आपल्याकडे 2003 साली फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणांसाठी नेमलेल्या मळिमठ समितीने अशा तत्त्वांची शिफारस केली, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची उणीव बोलून दाखवली, तरी कायद्यात ती आलेली नाहीत. कलम 326 खाली "जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत" इतका रुंद पट्टा असताना पाच वर्षे का आणि सात का नाहीत, याचे उत्तर अनेक निकालपत्रांत दोन ओळींत उरकलेले असते. "आरोपी तरुण आहेत, कुटुंब त्यांच्यावर अवलंबून आहे" ही वाक्ये येतात, आणि जखमी माणूसही तरुण आहे, त्याच्यावरही कोणीतरी अवलंबून आहे, हे वाक्य यायचे राहून जाते. तुमच्या मनात जी ठसठस आहे तिचे एक कारण हेही असू शकते, आणि ते चुकीचे नाही.

आता हात धरण्याकडे येतो. माझे स्पष्ट मत आहे की सामूहिक मारहाणीत धरणाऱ्याची भूमिका बऱ्याचदा कमी लेखली जाते. ज्याला मारले जात आहे तो स्वभावतः हात वर करतो, मान खाली घालतो, पाठ फिरवतो, पळतो. हात मागून जखडले की यातले काहीच उरत नाही. घाव घालणाऱ्याला जी मोकळीक मिळते ती धरणाऱ्याने दिलेली असते. म्हणूनच प्रश्न एवढाच उरतो की शस्त्र दिसल्यावरही पकड तशीच राहिली का. राहिली असेल, तर धरणारा हा त्या घावाचा भागीदार आहे असा युक्तिवाद अतिशय ताकदीने करता येतो.

तुम्ही लिहिले आहे की भावाच्या म्हणण्यानुसार पहिला घाव पडला तेव्हा त्याचे हात धरलेलेच होते, त्यानंतर पकड सुटली, त्याने डोके वाचवायला उजवा हात वर केला आणि दुसऱ्या घावाने मनगटावरची हाडे गेली. ताई, हा तपशील तुम्ही पत्राच्या शेवटी, जणू सहज आठवला म्हणून लिहिला आहे. माझ्या दृष्टीने तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. वर उचललेल्या हातावर बसलेला घाव आणि गळपट्टीवर बसलेला घाव या दोन जखमा दोन वेगवेगळ्या क्षणांच्या आहेत, आणि पहिली जखम होताना हात मोकळे होते की नव्हते हा वाद त्यांच्या मधल्या फटीत आहे. डॉक्टरांचे जखमांचे प्रमाणपत्र, भावाची सरतपासातली (सरकारी वकिलांच्या प्रश्नांना दिलेली) आणि उलटतपासातली उत्तरे, आणि पोलिसांनी सुरुवातीला नोंदवलेला त्याचा जबाब एकमेकांशेजारी ठेवून वाचायला हवेत. पोलिसांपुढच्या जबाबात "हात धरलेले असताना पाइप मारला" असे आलेच नसेल, तर बचाव पक्षाने ती उणीव उलटतपासात नक्कीच दाखवून दिली असेल आणि न्यायालयाने संशयाचा फायदा चौथ्याला दिला असेल. आले असेल आणि तरी न्यायालयाने ते विचारात घेतले नसेल, तर पुढे जाण्याला खरा आधार आहे.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. "शिक्षा कमी झाली, ती वाढवा" असे म्हणून पीडिताला थेट अपील करता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 372 ला जोडलेल्या परंतुकाने 31 डिसेंबर 2009 पासून पीडिताला अपिलाचा हक्क दिला, आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम 413 मध्ये आहे. पण तो तीनच बाबतींत आहे: आरोपी निर्दोष सुटला तर, कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी धरला गेला तर, किंवा नुकसानभरपाई अपुरी दिली गेली तर. अपुऱ्या शिक्षेचा त्यात समावेश नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. शिक्षा अपुरी आहे म्हणून अपील करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, आणि त्यासाठी सरकारी वकिलांकडे कारणांसह लेखी विनंती करता येते. तीही फळली नाही, तर उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्जाचा, म्हणजे खालच्या निकालाची तपासणी करा अशी विनंती करण्याचा, रस्ता उरतो. तो अरुंद आहे, पण बंद नाही.

तेव्हा पाहा, तुम्ही ज्या दारावर धडका मारण्याची तयारी करत आहात ते पीडितासाठी बंद आहे, आणि शेजारची दोन दारे मात्र उघडी आहेत. चौथ्यावर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवला होता आणि तो साध्या दुखापतीसाठी दोषी ठरला. हे "कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी धरणे" आहे. तीस हजारांची भरपाई ही अपुरी भरपाई आहे. या दोन्हींविरुद्ध उच्च न्यायालयात अपील होऊ शकते. निर्दोष मुक्ततेविरुद्धच्या अपिलासाठीसुद्धा पीडिताला न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले आहे. अपिलात पहिल्या तिघांची शिक्षा वाढवा असे मागून उपयोग होणार नाही. चौथ्याचा दोष चुकीच्या कलमाखाली बसवला आहे, एवढेच नेमके मांडावे लागेल. वेळ मात्र दवडू नका. उशीर झाल्यास त्याचे कारण द्यावे लागते, आणि प्रत्येक महिन्याबरोबर ते कारण दुबळे होत जाते.

भरपाईबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण बहुतेक कुटुंबे हा भाग दुय्यम समजून सोडून देतात. 2013 साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरपाई द्यावी की नाही याचा विचार करणे हे प्रत्येक फौजदारी न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि त्याची कारणे नोंदवायला हवीत. तुमच्या भावाचा सोळा महिन्यांचा बुडालेला पगार, दोन शस्त्रक्रियांचा खर्च, हातात उरलेले कायमचे अपंगत्व, यांतले किती कागद न्यायालयासमोर आले होते? पुष्कळ खटल्यांत साक्षीच्या वेळी जखमेबद्दल विचारले जाते, पण कामाबद्दल कोणी विचारत नाही. बाँडवर सोडलेल्या आरोपीलाही परिवीक्षा कायद्याच्या कलम 5 खाली भरपाई द्यायला लावता येते, हेही तुमच्या वकिलांच्या कानावर घाला. शिवाय आरोपींकडून वसुली होण्याची वाट न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित नुकसानभरपाई योजनेखाली अर्ज करता येतो, आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर पात्रतेनुसार मोफत वकीलही तिथूनच मिळतो.

दोघे त्याच संध्याकाळी घरी आले, याने तुमच्या आईला काय वाटले असेल ते मी समजू शकतो. पण तो निकालावर बोळा फिरवणे नव्हे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल, आरोपी आधीपासून जामिनावर असेल आणि तो अपील करणार असल्याचे सांगत असेल, तर विशेष कारण नसल्यास शिक्षा देणाऱ्या न्यायालयाला त्याला अपिलापुरता वेळ देऊन जामिनावर सोडावे लागते. पाच वर्षांच्या शिक्षेला ती सवलत नाही, म्हणून पहिला त्याच दिवशी तुरुंगात गेला. दोघांचे अपील चालेल तेव्हा तुमचा भाऊ केवळ प्रेक्षक नाही. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली ठामपणे सांगितले आहे. जामिनावर असलेल्यांपैकी कोणी धमकावले, घरासमोर घिरट्या घातल्या, तर ते तोंडी न सांगता तारखेसह लेखी कळवा. जामिनाच्या अटींचा प्रश्न त्यावरच उभा राहतो.

आता एक लाखाच्या निरोपाबद्दल. चौथा ज्या कलमाखाली दोषी ठरला ते, म्हणजे साधी दुखापत, तडजोडीने मिटवता येण्याजोगे आहे. अपील चालू असताना त्यासाठी अपिलाच्या न्यायालयाची परवानगी लागते. कलम 326 असे मिटवता येत नाही, त्यामुळे बाकी तिघांच्या बाबतीत पैशाने खटला संपत नाही. पक्षांमध्ये समेट झाला हे फार तर शिक्षा ठरवताना विचारात घेतले जाते. भरपाई ही शिक्षेला पर्याय नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली पुन्हा बजावले. हे पैसे घेणे पाप आहे असे मी म्हणणार नाही. उपचारांच्या कर्जाखाली वाकलेल्या घराला एक लाख म्हणजे काय ते दूर बसून ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण नातेवाइकांच्या मध्यस्थीने, रोखीने, कागदाशिवाय आणि "पुढे जाऊ नका" या अटीवर ते घेऊ नका. उद्या तोच व्यवहार "यांनी पैसे घेऊन तक्रार मिटवली होती" म्हणून अपिलात तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. द्यायचेच असतील तर ते न्यायालयात, वकिलांमार्फत, भरपाई म्हणून जमा करू द्या.

अशाच प्रसंगातून जाणाऱ्या इतर वाचकांसाठी काही गोष्टी इथेच नोंदवतो. मारणारे पाच किंवा अधिक असतील तर फिर्यादीत "गैरकायद्याची मंडळी जमवून" हे शब्द येतात आणि कलम 149 लागते. तिथे सामाईक इराद्याऐवजी जमावाचा समान उद्देश पाहिला जातो आणि स्वतः हात न उचललेला माणूसही जमावाचा सभासद म्हणून दोषी ठरू शकतो. म्हणूनच मोठ्या जमावाच्या खटल्यात बघ्यांना आरोपी करण्याचा धोका असतो, आणि अशा वेळी एकापेक्षा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे नाव घेतलेले असावे ही सावधगिरी सर्वोच्च न्यायालयाने साठ वर्षांपूर्वीच घालून दिली आहे. फिर्याद देताना रागाच्या भरात घरातल्या सगळ्यांची नावे घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण एक नाव खोटे ठरले की खऱ्या नावांवरही संशय येतो. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते. तिच्यात कलम 34 चे स्थान कलम 3(5) ने, 149 चे 190 ने आणि 326 चे 118(2) ने घेतले आहे, आणि या शेवटच्या कलमात कैदेची शिक्षा दिली तर ती किमान एक वर्षाची असलीच पाहिजे असे आता लिहिले आहे. जबर दुखापतीच्या व्याख्येतही पूर्वीचे वीस दिवस आता पंधरा झाले आहेत. त्याआधीच्या घटनांना, निकाल केव्हाही लागो, जुनीच संहिता लागू राहते.

आरोपींमध्ये अठरा वर्षांखालील मुलगा असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. त्याचे वय घटनेच्या दिवशीचे मोजतात. परिवीक्षा कायद्यात एकवीस वर्षांखालच्यांना जी विशेष सवलत आहे तिच्यासाठी मात्र वय निकालाच्या दिवशीचे मोजले जाते. तुमच्या प्रकरणातला चौथा घटनेच्या वेळी एकोणीस वर्षांचा होता, निकालाच्या दिवशी तो एकवीस ओलांडून गेलेला असणार. त्यामुळे त्याला बाँड मिळाला तो हक्क म्हणून नव्हे, न्यायालयाच्या विवेकाने मिळाला, आणि त्या विवेकाची कारणे निकालपत्रात दिलेली असायला हवीत. बाँड म्हणजे निर्दोष मुक्तता नाही, हेही तुमच्या घरच्यांना सांगा. दोष कायम आहे, आणि बाँडची अट मोडली तर न्यायालय त्याला बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते.

आणि आरोपींच्या घरच्यांची पत्रेही या सदराकडे येतात, त्यांच्यासाठी एक वाक्य: "माझ्या मुलाने हात लावला नाही" असे आम्हाला कितीही वेळा लिहिलेत तरी त्याचा उपयोग होणार नाही, तो तिथे कशासाठी गेला होता, शस्त्र दिसल्यावर त्याने काय केले, थांबवण्याचा प्रयत्न केला का, जखमीला मदत केली का, या प्रश्नांची खरी उत्तरे आपल्या वकिलाला पहिल्या दिवशी द्या, कारण दोष आणि शिक्षा दोन्ही त्याच उत्तरांवर फिरतात.

ताई, एक गोष्ट मी शेवटाकडे राखून ठेवली होती. तुमच्या चार पानांच्या पत्रात तुमचे म्हणणे आहे, आईचे आहे, शेजाऱ्यांचे आहे, चौथ्याच्या काकांचेही आहे. भावाला काय हवे आहे ते मात्र कुठेच नाही. कायद्याच्या दृष्टीने पीडित तो आहे. तो हयात आणि सज्ञान असताना अपिलाचा हक्क त्याचा आहे, तुमचा नाही. अपिलाच्या कागदांवर सही त्याची लागेल. ती कायद्याची तांत्रिक अट वाटेल, पण मला ती योग्य वाटते. सामूहिक मारहाणीत चार जणांनी मिळून त्याच्या शरीराचे काय व्हायचे ते ठरवले होते. आता त्याच्या वतीने, कितीही प्रेमाने असो, आपण चार जणांनी मिळून पुन्हा ठरवू नये. कदाचित त्याला चौथ्याविरुद्ध उभे राहायचे असेल. कदाचित पुन्हा पिंजऱ्यासमोर ती रात्र उगाळायची नसेल आणि फक्त भरपाई आणि एखादे झेपणारे काम हवे असेल. दोन्ही निर्णय सन्मानाचे आहेत, आणि पहिला निवडला म्हणून तो शूर, दुसरा निवडला म्हणून तो हरला, असे घरात कोणी म्हणू देऊ नका.

तेव्हा या आठवड्यात निकालपत्राची सहीशिक्क्याची नक्कल मिळवा. सुरुवातीपासून वाचायला बसलात तर थकून जाल. आधी आरोपी क्रमांक 4 बद्दलचे परिच्छेद आणि भरपाईचा आदेश एवढेच शोधून त्यांवर खूण करा. पाइप दिसल्यावर पकड सुटली हे न्यायालयाने कोणत्या साक्षीदाराच्या कोणत्या वाक्यावरून ठरवले, ते तिथे लिहिलेले असेल. ते वाक्य भावाला वाचून दाखवा, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घेऊन वकिलांकडे त्यालाच सोबत घेऊन जा.